वाढवलेली लय

"परत एकदा," भरतेश म्हणाला.

मला वाटलं, मलाच म्हणतोय. मी माइककडे तोंड नेलं आणि काठ्या उचलल्या. त्यानं गिटारवरचा हात न काढता नुसती मान हलवली. "तू फक्त वाजव रे, रूबेन. तिला म्हणू दे."

ती म्हणजे आरिफा शिकलगार. आमच्या बँडमध्ये येऊन तिला पुरता अर्धा तास झाला नव्हता, आणि माझं गाणं माझ्या तोंडातून निघून तिच्या तोंडात जाऊन बसलं होतं.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. आमच्या बँडचं नाव जंक्शन. सांगलीत भरतेश मगदूमच्या वडिलांचं हळदीचं गोदाम होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही दर रविवारी वाजवायचो. रविवारी हमाल नसत. चर्च सुटलं की मी मिरजेहून बस पकडून यायचो. आठवडाभरात ड्रमवर हळदीची पूड बसलेली असायची. पहिला ठोका मारला की झांजांवरून पिवळा धुरळा उडायचा आणि उल्हासला शिंका यायच्या. उल्हास बेस वाजवायचा. त्याच्या शिंकांखेरीज त्याचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही.

भरतेशच्या बोटांत रॉक होतं. मी ड्रमवर हलगीचे ठेके आणले होते. आमच्या गल्लीत लग्नाची वरात निघाली की जे ऐकत वाढलो तेच. आणि शब्द इंग्रजी. ते सगळे माझे. माझे वडील मिरजेत मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रविवारी क्वायरमध्ये गायचे. घरात इंग्रजी गीतांचं पुस्तक बायबलाशेजारीच असायचं. सांगली-मिरजेत इंग्रजी गाणी ऐकणार कोण, असं आम्हाला जो तो विचारायचा. उत्तर आम्हालाही माहीत नव्हतं. पण गाणी होती, आणि ती मी ड्रमच्या मागं बसून, एक माइक तिरका तोंडापुढं ओढून गायचो. वाजवत गाणारा ड्रमर अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. माझा आवाज बरा होता. बरा म्हणजे चांगलाच, असं मी तेव्हा समजायचो.

ते गाणं होतं 'चेंज हिअर'. लहानपणी वडील मला मिरज स्टेशनवर घेऊन जायचे. तिथं पुण्याची मोठी गाडी थांबायची, आणि पलीकडं छोट्या रुळांवर छोटी गाडी उभी असायची. लोक बोचकी उचलून एकीतून उतरायचे आणि दुसरीत शिरायचे. त्यावर मी बारा ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ अशी: चेंज हिअर, द लाइन गेट्स थिन फ्रॉम हिअर. या बारा ओळी लिहायला मला दोन महिने लागले होते, आणि आयुष्यात आपण एक काहीतरी नीट केलं असं त्या गाण्याबद्दल मला वाटायचं.

आरिफाला भरतेशनं शोधून आणलं. मिरजेत तिच्या वडिलांचं तंबोरे बनवायचं दुकान होतं. नऊ वर्षं ती एका गुरुजींकडं ख्याल शिकत होती. भरतेशनं तिला कुठल्याशा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं आणि त्याची झोप उडाली.

"इंग्रजी गाशील?" मी तिला विचारलं होतं. विचारताना मला खात्री होती की ती नाही म्हणेल.

"शब्द लिहून दिलेस तर गाईन," ती म्हणाली.

मी लिहून दिले. तिनं ते वहीत देवनागरीत उतरवून घेतले, आणि उभ्या उभ्या पहिली ओळ म्हटली. भरतेशची बोटं तारांवर थांबली. उल्हासनं शिंक दाबली. मला तिच्या उच्चारातल्या तीन चुका सापडल्या आणि तिन्ही मी लगेच सांगितल्या.

"थँक्यू," ती म्हणाली आणि वहीत दुरुस्त्या करत बसली. पुढच्या वेळी एकही चूक नव्हती.

तिसऱ्या रविवारी माझ्यापुढचा माइक उचलून तिला दिला गेला. गोदामात दोनच माइक होते, एक भरतेशच्या कोरसला लागायचा. हे सगळं इतकं सरळ होतं की त्यावर भांडायलाही जागा नव्हती.

भरतेश मला म्हणाला, "तू चिडला नाहीस ना रे?"

"चिडायचं काय त्यात? बँडचं भलं होतंय."

"हां, मर्दा. मला माहीत होतं."

त्याला काही माहीत नव्हतं. मी मनात मोजायचो. तिच्या एका गाण्यात भरतेश किती वेळा 'वा' म्हणतो ते. एका रविवारी अकरा झाले. मी तीन वर्षं गात होतो, मला सगळे मिळून अकरा मिळाले नसतील. घरी आईसुद्धा विचारायला लागली, "ती शिकलगारांची मुलगी गाते ना रे तुमच्यात? गळा गोड आहे हो तिचा." आईनं तिला कुठं ऐकलं देव जाणे. मी ताटावरून उठलो.

यात आरिफाची काही चूक असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती वेळेवर यायची, येताना वाटेवरची भजी आणायची आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या शब्दांचा अर्थ विचारायची.

"थिन म्हणजे रोड ना? मग लाइन रोड होते म्हणजे काय? रूळ बारीक होतात?"

"हां. मोठी लाइन संपते, छोटी सुरू होते."

"आणि हा जो माणूस गाडी बदलतोय, तो परत येणार आहे का?"

दोन महिने घासूनपुसून लिहिलेल्या गाण्यात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"परत येणार नसेल तर मी शेवटची ओळ जरा सोडून देते," ती म्हणाली. "येणार असेल तर धरून ठेवते."

"तुला काय हवं ते कर," मी म्हणालो. तिनं सोडून दिली. भरतेशनं तीनदा 'वा' म्हटलं.

दिवाळीनंतर भरतेशनं पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या स्पर्धेत आमचं नाव घातलं. महाराष्ट्रभरातले बँड येणार होते. पहिल्या बँडला मुंबईच्या स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड करायला मिळणार होती. आमच्यासारख्यांना स्टुडिओ म्हणजे स्वर्ग. स्पर्धेतही दोनच गाणी म्हणायची होती आणि दुसरं 'चेंज हिअर' ठरलं. म्हणजे जिंकलो तर माझं गाणं कायमचं नोंदलं जाणार, आणि ते तिच्या आवाजात. मग कुणी कधी विचारणारही नाही की आधी हे कोण गायचं.

त्याच सुमाराला एका रविवारी मी कशावरून तरी चिडलेला होतो, आणि माझा हात पळाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गाणं सुरू होण्याआधी ड्रमर काठीवर काठी आपटून चार मोजतो. त्या चारांत लय ठरते. मग गाणं संपेपर्यंत सगळ्यांनी त्याच लयीनं जायचं. गिटारवाला, बेसवाला, गाणारा, कुणाच्या बापाला ती बदलता येत नाही. त्या दिवशी माझे चार जरा घाईत पडले. तिसऱ्या ओळीशी आरिफा अडकली. व्हेअर द बिग ट्रेन ड्रॉप्स इट्स पीपल अँड द स्मॉल वन टेक्स द फ्यू. ओळ लांब, शब्द एकमेकांना चिकटलेले. त्या लयीत ते तिच्या जिभेवर मावेनात. ती मध्येच थांबली आणि हसली.

"सॉरी. श्वास पुरला नाही."

"रूबेन, पळवू नकोस ना," भरतेश म्हणाला.

"चुकून झालं," मी म्हणालो. आणि ते खरंच चुकून झालं होतं. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझा विचार असा होता: स्पर्धेत ती पडेल. चारचौघांत, परीक्षकांसमोर, माझ्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीवर. बक्षीस जाईल, जाऊ दे. पुढच्या रविवारी भरतेश डोकं खाजवत म्हणेल, इंग्रजी तिला झेपत नाही रे, तूच म्हण. माइक परत तिरका माझ्या तोंडापुढं येईल. मला त्याहून जास्त काही नको होतं. चर्चमध्ये दर रविवारी हेवा करू नका हे ऐकूनच मी गोदामावर जात होतो, पण ते सगळं या कानानं आत आणि त्या कानानं बाहेर.

डिसेंबरात आम्ही पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला गेलो. भरतेश गिटार मांडीवर घेऊन झोपला, उल्हास खिडकीशी, मी त्याच्या शेजारी, आरिफा आमच्या मागच्या बाकावर तिच्या भावाबरोबर. घरच्यांनी भावाशिवाय पाठवलं नसतं. तो वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून चहा पीत होता.

स्टेज उघड्या मैदानावर होतं. दुपारचे तीन. ऊन थेट तोंडावर, समोर दोन-अडीच हजार पोरं. आमच्या आधीच्या बँडनं नुसता आरडाओरडा केला आणि पोरं खूश झाली. परीक्षक तिघं होते. मधले मुंबईहून आलेले, पांढरी पोनीटेल बांधलेले, पायावर पाय टाकून बसले होते.

पहिलं गाणं ठीक झालं. आरिफा सलवार-कमीज घालून माइकशी उभी राहिली तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण गाणं संपेपर्यंत त्या थांबल्या. टाळ्या बेताच्या पडल्या. भरतेशनं मागं वळून मला मान हलवून खूण केली. आता 'चेंज हिअर'.

मी चार मोजले.

गोदामात चुकून पडले होते त्याहूनही जलद. भरतेश झटकन वळला. त्याचं तोंड उघडं होतं. पण चार पडले की पडले, त्यानं गिटार सावरलं, बोटं पळवायला सुरुवात केली. उल्हास माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की जणू मी स्टेजला आग लावली आहे. आरिफाची पाठ माझ्याकडं होती. तिनं वळून पाहिलं नाही.

आठ आवर्तनं नुसती वाजायची, मग तिनं उचलायचं. सात झाली. आठ झाली. तिनं तोंड उघडलं नाही.

मला आनंद झाला. आता खोटं कशाला सांगू, अंगावर काटा येईल असा आनंद झाला. नववं आवर्तन गेलं, ती तशीच उभी. समोर कुणीतरी हसलं. भरतेशनं तिच्याकडं पाहून जोरजोरात मान हलवली. दहावं सुरू झालं आणि तिनं उचललं.

एकच शब्द. चेंज. तो शब्द तिनं सावकाश सुरू केला आणि सोडलाच नाही. खाली माझा ठेका धावत होता, माझे दंड भरून आले होते, आणि वर ती एखादी बाई ओसरीवरून अंगणात उतरते तशी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उतरत होती. चार आवर्तनं ती त्या एका शब्दावर होती. मग हिअर. मग पुन्हा चार. तिनं माझी लय बदलली नाही. तिला ती बदलता येतच नव्हती. ती लय जशी होती तशी खाली ठेवून ती तिच्यावर विलंबित गायला लागली होती.

मी हळू होऊ शकत नव्हतो. मी थांबू शकत नव्हतो. मी जितका जोरात पळत होतो तितकी ती वर निवांत दिसत होती, आणि दोन्ही मिळून असं काही होत होतं की भरतेशनं गिटारचे सूर कमी करत करत नुसता एकच घुमता सूर धरला. माझ्या बारा ओळींतल्या तिनं तीन म्हटल्या. तिसरी लांब ओळ, जिच्यावर ती पडायची होती, तिनं म्हटलीच नाही. माझे नऊ ओळींचे शब्द तिनं वाटेत टाकून दिले आणि समोरच्या अडीच हजार पोरांना त्यातल्या एकाचीही आठवण आली नाही.

पोरं आधी गप्प झाली. मग मैदानाच्या मागच्या टोकाकडून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. माझ्याच लयीत.

गाणं संपलं तेव्हा पोनीटेलवाले परीक्षक उभे होते. त्यांनी माइक मागवून घेतला. "एक विचारायचंय. ड्रम्स एवढे पळवायचे आणि गाणं एवढं सावकाश ठेवायचं, हे कुणाचं डोकं?"

भरतेशनं माझ्याकडं पाहिलं, मग आरिफाकडं. त्याला काहीच कळलं नव्हतं. माझ्या हातातल्या काठ्यांना घाम सुटला होता. आता ती सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार, आणि सांगितलं तर बरोबरच आहे, असंही मला वाटून गेलं.

"रूबेनचं," आरिफा म्हणाली. "आमचा ड्रमर. गाणंही त्याचंच आहे."

"जरा उभे राहा हो, ड्रमरसाहेब."

मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. मी दोन्ही हातांत काठ्या धरून नमस्कार केला.

स्टेजच्या मागं कनातीला लागून चहाचं टेबल होतं. भरतेशनं मला मिठीच मारली. "मर्दा, आधी सांगायचं नाहीस का? माझा जीव गेला ना वर!"

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असतात," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच ते खरं वाटलं. उल्हासनं माझा खांदा दाबला. आणि आरिफा कागदी कप घेऊन दोन हातांवर उभी होती. तिनं ते ऐकलं. भरतेश आणि उल्हास निकालाची चौकशी करायला गेले, तिचा भाऊ दुसरा चहा आणायला गेला. आम्ही दोघंच राहिलो.

"माझं नाव का घेतलंस?" मी विचारलं.

"मग कुणाचं घेऊ? चार तूच मोजलेस."

"ते मी कशासाठी मोजले ते तुला कळलं नाही?"

तिनं कपात फुंकर घातली. "कळलं की. कराडच्या पुढं कळलं."

मला उलगडा होईना.

"पहाटेपासून तू पुढच्या बाकाच्या दांडीवर वाजवत होतास," ती म्हणाली. "बोटांनी. आधी वाटलं, हाताला चाळा. मग लक्षात आलं, हे तर 'चेंज हिअर' आहे. पण एवढं पळत का आहे? कराडपर्यंत तेच, कराडच्या पुढं तेच. थांबून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे घोकत होतास."

मी वाजवत होतो हे मला माहीतच नव्हतं. ड्रमरचे हात त्याच्या ताब्यात नसतात. आईनं ताटावर वाजवू नकोस म्हणून लहानपणी किती धपाटे घातले असतील.

"साताऱ्यापर्यंत त्या लयीत सगळे शब्द म्हणून बघितले. मनातल्या मनात. बसेनात. मग म्हटलं, शब्द सोडू. खंबाटकीच्या घाटात जुळलं."

"भरतेशला का नाही सांगितलंस?"

"त्यानं तुला झापलं असतं. तू तोंड फुगवून वाजवलं असतंस. फुगलेल्या माणसाबरोबर गाता येत नाही." ती थोडं हसली. "आणि आमच्यात हे नवीन नाही. गुरुजींचे तबलजी मला असंच पाडायला बघायचे. लय चढवायची, गाणारा टिकतो का बघायचं. जुनी रीत आहे."

मला हायसं वाटलं. म्हणजे रीतच आहे.

"पण ते आधी तोंडावर सांगतात," ती म्हणाली. "आज तुला बघतो म्हणून. तू पाठीमागून केलंस."

एवढं बोलून तिनं कप टेबलाखालच्या टोपलीत टाकला आणि भावाला हाक मारली. राग तिच्या आवाजात नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

आम्ही पहिले आलो.

पुढच्या रविवारी गोदामात मी अर्धा तास आधीच पोहोचलो. ड्रमवरची हळद पुसून काढली. येऊच नये असंही वाटलं होतं, पण घरी बसून तरी काय केलं असतं? भरतेश आला तो शिट्टी वाजवत. मुंबईची तारीख मिळाली होती, जानेवारीची अठरा. आरिफा आली आणि तिनं पिशवीतून एक तिसरा माइक काढून टेबलावर ठेवला. गुरुजींकडून मागून आणलेला, जुना, जाळी चेपलेला.

"हा कशाला?" भरतेशनं विचारलं.

"रूबेनला. त्याचे नऊ ओळींचे शब्द मी गाळलेत. रेकॉर्डिंगमध्ये गाळून कसं चालेल? मी वर सावकाश राहीन, मधे तो त्याच्या ओळी त्याच्या लयीत म्हणेल. गाणं त्याचं आहे."

"अरे, भारी!" भरतेश म्हणाला. त्यानंच माइक स्टँडला लावून तिरका माझ्या तोंडापुढं ओढला.

ज्यासाठी मी हे सगळं केलं ते समोर येऊन उभं होतं. तीन महिने ज्याची वाट पाहिली तो माइक माझ्या ओठांपासून चार बोटांवर होता, आणि तो तिनं दिला होता. मी चार मोजले, पुण्याच्या लयीत. आरिफानं चेंज लावला. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडलं आणि तीच तिसरी, लांब ओळ सुरू केली. व्हेअर द बिग ट्रेन ड्रॉप्स इट्स पीपल. पुढचा शब्द आलाच नाही. छातीत हवा नव्हती. उजवा पाय चुकला, झांज चुकीच्या जागी वाजली, सगळं थांबलं.

"पुन्हा," मी म्हणालो.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा अर्धी ओळ पार केली आणि खोकला आला. ज्या लयीत ती पडावी म्हणून मी दोनशेतीस किलोमीटर बोटं आपटत गेलो होतो, त्या लयीत मला स्वतःलाच गाता येत नव्हतं. हे मी एकदाही म्हणून बघितलं नव्हतं. बघायचं सुचलंच नव्हतं.

कुणी हसलं नाही. उल्हास बेसच्या खुंट्या पिळत बसला.

"सोपं आहे," भरतेश म्हणाला. "लय उतरवू या. आधी होती तेवढी. मग तू आरामात म्हणशील सगळ्या बारा ओळी, आरिफा वर आलाप घेईल. काय बिघडलं?"

काय बिघडणार होतं ते मला ठाऊक होतं. उतरवलेल्या लयीत ते एक बरं गाणं होतं. बरं म्हणजे माझ्या आवाजासारखं. पुण्यात जे झालं ते त्यात होणार नव्हतं. आणि मुंबईला जे नोंदलं जाईल ते तसंच राहणार होतं, कायमचं.

मी आरिफाकडं पाहिलं. तिनं खरंच माझ्यावर सोडलं होतं. तिच्या तोंडावर काही नव्हतं.

"तू सांग," ती म्हणाली. "मी दोन्हीत गाईन."

ती दोन्हीत गाईल हे मला माहीत होतं. तेच तर दुखणं होतं. त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका अकरा 'वा' मोजतानाही वाटला नव्हता.

"नको," मी म्हणालो. "लय आहे तीच ठेवा."

"आणि शब्द?" भरतेशनं विचारलं.

"ती म्हणते तेवढ्या तीन ओळी बास झाल्या."

"अरे, पण तुझे—"

"बास झाल्या म्हटलं ना."

मी स्टँडचा स्क्रू सैल केला, माइक काढला, वायर गुंडाळून तो आरिफाच्या हातात दिला. "गुरुजींना परत दे. आमच्याकडून थँक्यू सांग."

"बरं," ती म्हणाली. तिनं तो पिशवीत ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून आपल्या माइकशी जाऊन उभी राहिली. मी परत कधी गायलो नाही. चर्चमध्येसुद्धा आता नुसते ओठ हलवतो. तो ठेका तुमचाच ना हो, असं लोक अजून विचारतात, आणि मी हो म्हणतो.

पण त्या रविवारी मी काठ्या उचलल्या आणि थोडा वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिलो. ती वाट बघत होती. या वेळी मी तिला हाक मारली.

"आरिफा. पुण्याचीच लय देतोय."

"दे," ती न वळता म्हणाली.

आणि तिला पाडायला जेवढी लावली होती तेवढीच, तसूभरही कमी न करता, मी तिला दिली.